चाळीस अंकांचा टेकू

घड्याळ दुरुस्त करणाऱ्या माणसावर लोक फार विश्वास ठेवतात. चूक करतात. चामराजपेटेत माझं दुकान अठ्ठेचाळीस वर्षं चाललं, आणि तेवढ्या काळात माझ्या तोंडून जे काही खरं बाहेर पडलं ते एका पोस्टकार्डावर मावेल. माझ्याकडे एक लंबकाचं घड्याळ होतं. ते म्हैसूरच्या दसऱ्यात हत्तीच्या अंबारीतून पडलं, आणि तेव्हापासून रस्त्याने हत्ती गेला की मान खाली घालून थांबायचं. आमच्या आजोबांनी मनोऱ्यावरचं बंद घड्याळ खालून नुसतं शिंकून चालू केलं होतं. हे मी गिऱ्हाइकांना सांगत आलो आणि गिऱ्हाइकं ऐकत आली, कारण त्यांचं घड्याळ माझ्यापुढे पोट उघडून पडलेलं असायचं. उठून जाणार कुठे?

पण चौऱ्याण्णव सालच्या मे महिन्यातली ही गोष्ट सांगताना मला पदरचं फारसं घालावं लागत नाही. महाजालवाल्यांनी माझ्यासाठी जागाच ठेवली नाही.

महाजाल म्हणजे ‘अखिल भारतीय विज्ञान-अंकुर महाजाल’. देशातल्या पोरांमध्ये विज्ञान आणि गणित रुजवणं हे त्याचं काम. मुख्य कचेरी दिल्लीत, आमच्याकडचं केंद्र बसवनगुडीत, एका जुन्या बंगल्यात. आत शिरलं की भिंतभर देशाचा नकाशा. दिल्लीवर लाल खिळा, त्या खिळ्यापासून चहूकडे सुतळ्या ताणलेल्या, आणि प्रत्येक सुतळीच्या टोकाला एक सहयोगी संस्था. एकशे बारा संस्था! मी एकदा उभ्याउभ्या नावं वाचली. एक अंकुर परिषद, मग अशा परिषदांचा मंच, मग मंचांची समन्वय समिती, आणि त्या समितीच्या बळकटीकरणासाठी एक वेगळं प्रतिष्ठान. ही मंडळी एकमेकांना बळकट करण्यात इतकी गुंतली होती की पोरांपर्यंत पोचायला सुतळीच उरली नव्हती.

तरी अहवालात छापलं होतं, बेंगळुरू केंद्राने वर्षात चाळीस हजार बालकांपर्यंत विज्ञान पोचवलं.

केंद्रातला कारकून शिवकुमार, आपल्याच पेटेतला पोरगा. त्याला मी विचारलं, “चाळीस हजार? कुठं बसवलेत रे?”

“बसवायचं कशाला अण्णा? समोर बसथांबा आहे ना. शाळकरी पोरं उभी राहतात. त्यांना आमचा बोर्ड दिसतो. दिसला की पोचलं.”

“आणि पाऊस असला की?”

“पावसात आडोशाला आमच्या फाटकाशीच येतात. तेव्हा त्यांना सखोल प्रशिक्षणात धरतो.”

केंद्राचे समन्वयक डॉ. पुरुषोत्तम टिपणीस. पुण्याचे. दोन वर्षांपूर्वी बदलून आले होते, मल्लेश्वरमला राहायचे. माणूस गोरा, गुळगुळीत, सतत कुठल्यातरी कार्यक्रमाच्या व्यासपीठावरून नुकताच उतरल्यासारखा. डॉक्टरकी कशात केली म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाले, “मूल्यमापनाच्या मूल्यमापनात.” मी दोन दिवस त्याचा अर्थ लावत होतो. तिसऱ्या दिवशी सोडून दिलं.

त्या वर्षी मार्चमध्ये दिल्लीहून एक खोकं आलं. खोक्यात सूर्यघड्याळ. फूटभर लांबरुंद लाकडी पाट, त्यावर पितळी तबकडी, तबकडीवर तासांच्या रेघा, आणि मधोमध उभं एक त्रिकोणी पातं. पात्याची सावली ज्या रेघेवर पडेल ती वेळ. असलं एकेक यंत्र महाजालाने काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत सगळ्या केंद्रांना पाठवलं होतं, तंतोतंत एकसारखं. एकसारखेपणाचा त्यांना फार अभिमान. सोबतच्या पत्रात लिहिलं होतं, ‘एक देश, एक साचा.’

टिपणिसांनी ते अंगणातल्या कट्ट्यावर मांडलं आणि फतवा काढला. ह्या आवारात यापुढे फक्त सूर्याची वेळ चालेल. मनगटी घड्याळं फाटकाशी उतरवायची. शिवकुमार बिस्किटाचा पत्र्याचा डबा घेऊन उभा राहायचा आणि येणारा प्रत्येक जण आपलं घड्याळ त्यात टाकायचा. सूर्याच्या वेळेवरून रेडिओची वेळ काढायला दिल्लीने एक तक्ताही दिला होता, अमुक तारखेला इतकी मिनिटं मिळवा असा. शिवकुमार रोज तेवढी बेरीज करायचा आणि कचेरी चालायची.

आणि कचेरीला ते घड्याळ फार मानवलं. कुणी बोलत नव्हतं, पण सगळे खूश होते. का, ते मला पुढे कळलं.

आता मथुरा. आमच्या गल्लीत यल्लव्वा राहायची, चिकोडीकडची. बाजारातल्या हमालांना ज्वारीची रोट्टी थापून घालायची. मथुरा तिची मुलगी, सातवी पास झालेली, अंगाने काडी, आणि प्रत्येक गोष्टीकडे डोळे बारीक करून बघायची खोड. महाजालाने मे महिन्यात सुट्टीचं शिबिर लावलं, त्यात ती गेली. शिबिरात प्रत्येक पोराने एक प्रयोग करून वही लिहायची होती. ज्याची वही उत्तम त्याला महिनाअखेर पुण्याच्या राष्ट्रीय मेळाव्याला पाठवणार होते. बेंगळुरूतून एकच जागा. आणि मेळाव्यात पोरांना मोठ्या दुर्बिणीतून गुरू दाखवणार होते, त्याच्या चार चंद्रांसकट.

ते ऐकल्यापासून मथुरेचं जेवणात लक्ष नव्हतं. यल्लव्वा म्हणायची, “एवढं काय आभाळात बघायचं हाय? भाकर करपली तर खाली कोण बघणार?” पण रोट्टीच्या डब्यावर पोरीने खडूने चार ठिपके काढले होते, ते तिने कधी पुसले नाहीत.

प्रयोग म्हणून मथुरेने सूर्यघड्याळ निवडलं. रोज तीनदा त्याची वेळ बघायची आणि खऱ्या घड्याळाशी ताडायची. आवारात घड्याळ नाही, म्हणून ती फाटकाबाहेर पळत येऊन समोरच्या हॉटेलातलं घड्याळ बघायची. पाचव्या दिवशी ती माझ्या दुकानात आली.

“अज्जा, तुमची सगळी घड्याळं वीस मिनिटं पुढं हायत.”

दुकानात त्या वेळी एकोणतीस घड्याळं चालत होती. मी डोळ्यावरचं भिंग काढलं. “सगळी?”

“हॉटेलचं बी. तुमच्याकडनंच नेलंय म्हणतो तो.”

“म्हणजे एकोणतीस अधिक एक चुकली, आणि ते पितळेचं ताट तेवढं बरोबर?”

“मी कुठं म्हटलं बरोबर? सकाळी आठला तुमची पुढं. दुपारी चारला वीस मिनिटं मागं. आणि सव्वाबाराच्या सुमाराला दोन्ही एक.” तिने वही पुढे केली. “कोणतरी एक खोटं बोलतंय.”

खोटं बोलण्याच्या बाबतीत पेटेत संशय माझ्यावरच येतो, ते ठीक. पण घड्याळांवर? मी दुकानाला कुलूप लावलं, खिशातलं घड्याळ घेतलं आणि दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर बसवनगुडीला गेलो. शिवकुमारने डबा पुढे केला. मी म्हटलं, “ह्या डब्यात माझं घड्याळ टाकशील तर तुझ्या लग्नात उलटं चालेल.” त्याने डबा मागे घेतला.

पोरीचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. सकाळी सूर्यघड्याळ वीस-बावीस मिनिटं मागे, मध्यान्हीला चोख, दुपारी तितकंच पुढे. सकाळी उशीर, संध्याकाळी घाई. असा वागणारा एकच प्राणी मला ठाऊक होता, आणि त्याच्यासाठीच जणू हे यंत्र घडवलं होतं. कचेरीचे लोक उन्हाच्या साक्षीने उशिरा येत होते आणि उन्हाच्याच साक्षीने लवकर घरी जात होते. विज्ञानाचा एवढा रोकडा फायदा त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच झाला होता.

मथुरेने टिपणिसांना सांगितलं. टिपणीस हसले. “व्हेरी गुड! शंका आलीच पाहिजे. बेसिकली विज्ञान म्हणजे शंकाच. आपण समिती नेमू.”

समिती नेमली. महाजालात समिती नेमण्याची एक ठरलेली पद्धत होती. साडेअकराला स्वागत, बाराला प्रास्ताविक, सव्वाबाराला प्रत्यक्ष पाहणी आणि साडेबाराला जेवण. पाहणी जेवणाच्या आधी, म्हणजे ती लांबत नाही. त्या दिवशी बिसीबेळे भात होता. वास अंगणापर्यंत आला होता. पाच तज्ज्ञांनी कट्ट्याभोवती गोल केला, पात्याची सावली बरोबर बाराच्या रेघेवर, तक्त्याची सोळा मिनिटं मिळवली, सव्वाबारा. चोख! टाळ्या वाजल्या. पळीचा आवाज आला. समिती वळली.

“सर,” मथुरा म्हणाली, “सकाळी आठला बघा ना.”

“सकाळी आठला समिती नसते, बाळ.”

ती तक्रार करत राहिली, म्हणून आणखी दोन समित्या झाल्या. दोन्ही सव्वाबाराला. दुसऱ्या वेळी चिंचेचा पुळियोगरे भात होता, तिसऱ्या वेळी पुरी-सागू. तीन अहवाल झाले, ‘यंत्र निर्दोष.’ मेळाव्याच्या स्मरणिकेत ते छापायला दिल्लीला गेलेसुद्धा.

चूक शोधून काढली पोरीनेच. यंत्राबरोबर आलेलं माहितीपत्रक महाजालात कुणी उघडलं नव्हतं. त्याच्या घड्यासुद्धा कोऱ्या होत्या. त्यात एक ओळ होती, पात्याचा कोन हा त्या-त्या गावाच्या अक्षांशाएवढा असावा. मथुरेने कंपासपेटीतला कोनमापक पात्याला लावला. साडेअठ्ठावीस. शाळेचा नकाशा काढला. बेंगळुरू तेरा.

“हे दिल्लीचं घड्याळ हाय, अज्जा.”

“मग बाराला बरोबर कसं?”

तिने नकाशावर बोट वरून खाली ओढलं. “दिल्ली आन् बेंगळुरू एकाखाली एक हायत. मध्यान्ह दोन्हीकडं एकदमच हुतो. त्या वेळी कुठलंबी पातं चालतंय. इतर वेळी नाही.”

मी एवढी वर्षं वेळेची चाकं फिरवली, पण सूर्य गावागणिक असा तिरपा भेटतो हे माझ्या डोक्यात कधी शिरलं नव्हतं. ते मी तिला सांगितलं नाही. “मला माहीत होतंच,” म्हटलं. “तुला येतं का बघत होतो.”

“व्हय,” ती म्हणाली, “तुमच्या हत्तीलाबी माहीत असंल.”

उपाय सोपा होता. यंत्राची दक्षिणेकडची कड उचलायची, म्हणजे पातं उत्तरेला तेवढं वाकतं आणि बेंगळुरूचं होतं. साडेपंधरा अंश, म्हणजे कड चार बोटं वर. टेकू द्यायला काय घ्यावं? केंद्राच्या व्हरांड्यात महाजालाच्या मासिकाचे गठ्ठे पडलेले होते, ‘अंकुरवार्ता’. आत पानोपान समईचे फोटो. समई लावणारा बदलायचा, समई तीच. मथुरेने एकेक अंक रचत नेला. चाळीस अंक झाले आणि कोन जुळला. तीन वर्षं चार महिन्यांचं राष्ट्रीय कार्य, पहिल्यांदाच कशाच्यातरी खाली नीट बसलं. तक्त्याची मिनिटं धरून सकाळी आठला सावली आठवर, चारला चारवर. माझ्या एकोणतीस घड्याळांची अब्रू वाचली.

तीन दिवस तिने तसं मोजलं आणि वहीत सगळं लिहिलं. शेवटी मोठ्या अक्षरात, ‘यंत्र चुकते. टेकू दिल्यास चुकत नाही.’

चौथ्या दिवशी टिपणिसांनी पालकांना बोलावलं. यल्लव्वा कोपरापर्यंत पीठ घेऊनच आली. पुणेरी मराठी तिच्या कानाला लागत नाही म्हणून मला बरोबर घेतलं.

“बसा आई, बसा आजोबा,” टिपणीस म्हणाले. “मुलगी हुशार आहे. पुण्याला हिलाच पाठवावं असं माझ्या मनात आहे. पण वहीत हे काय? ‘यंत्र चुकते’? अहो, यंत्र राष्ट्रीय आहे!”

“राष्ट्र मोठं आहे साहेब,” मी म्हटलं. “ऊन सगळीकडे एकाच बाजूने येत नाही.”

“ते तत्त्वतः झालं. प्रॅक्टिकली, तीन समित्यांनी ते पास केलंय. आता ही वही पुण्यात सगळ्यांसमोर उघडली तर एकशे बारा संस्थांचं मनोबल खचेल.” त्यांनी वही मथुरेकडे सरकवली. “हा फरकाचा रकाना पुन्हा लिही, बाळ. वीसच्या जागी शून्य. एक-दोन मिनिटं राहू देत, मानवी चूक म्हणून छान दिसतात. आणि तो टेकू काढायचा. यंत्राच्या जपणुकीला पन्नास गुण आहेत.”

“आणि मोजण्याला?” मी विचारलं.

“मोजण्याला दहा. सुवाच्य अक्षराला पंधरा. सोमवारपर्यंत वही आली तर सही करतो. नाहीतर दुसरी वही आहे माझ्याकडे. थर्माकोलच्या ज्वालामुखीची.”

यल्लव्वाने माझ्याकडे बघितलं. “काय म्हणतोय हा, अण्णा?”

“म्हणतोय, खोटं लिही आणि पुण्याला जा.”

तिने हाताचं पीठ पदराला पुसलं आणि टिपणिसांकडे वळली. “मग हे काम तुमचं. माझ्या घरात कुणाला जमत नाही.”

वाटेत मी पोरीला समजावलं. अगदी मनापासून. “लिहून टाक, मथुरे. शून्य काढायला काय लागतं? मी जन्मभर थापा मारतोय, माझं काय वाकडं झालं? गुरू बघून ये, मग खरं बोलायला आयुष्य पडलंय.”

ती बसथांब्याशी थांबली. “अज्जा, तुम्ही हत्तीचं सांगता, शिंकेचं सांगता. पण कुणाचं घड्याळ लावून देताना कधी वेळ खोटी लावलीय?”

मी आठवून बघितलं. बस आली, गेली. “नाही,” मी म्हटलं.

“मग?”

सोमवार आला आणि गेला. मथुरेने वही दिली, जशी होती तशी. टिपणिसांनी ती टेबलाच्या खालच्या खणात ठेवली आणि ज्वालामुखीवर सही करायला पेन काढलं. पण त्याच दिवशी तार आली, दिल्लीच्या महासचिव गुरुवारी येतायत. मग सही बाजूला राहिली. टिपणिसांना वाटलं, पुण्याला जाणाऱ्या पोराचं नाव मॅडमच्याच हस्ते जाहीर करू. फोटो येईल.

महासचिव म्हणजे राजलक्ष्मी मॅडम. मूळच्या मद्रासच्या, तीस वर्षं दिल्लीत. त्यांच्याविषयी महाजालात एवढंच सांगितलं जायचं की त्या कुणासाठी थांबत नाहीत. टिपणिसांनी त्यांच्यासाठी एक नाट्य रचलं. आमंत्रणावर छापलं, ‘सूर्याच्या साक्षीने प्रातः आठ वाजता प्रवेश.’ फाटकाला आतून कुलूप आणि रेशमी फीत. शिवकुमार कट्ट्यापाशी. तक्त्याची सोळा मिनिटं धरून त्याने तबकडीवर आठची खूण खडूने करून ठेवलेली. सावली खुणेला टेकली की त्याने ओरडायचं, शंख वाजायचा, फाटक उघडायचं, आणि बाहेर रांगेत उभी असलेली पोरं मॅडमबरोबर आत येणार. टेकू अर्थातच काढून टाकला होता. चाळीस अंक व्हरांड्यात परत.

मी बाहेरच, पोरांच्या रांगेशेजारी. हे चुकवेन होय?

गुरुवारी आभाळ लख्ख. आठला एक मिनिट कमी असताना मोटार आली. मॅडम उतरल्या, मनगटावर नजर टाकली, फाटकाकडे चालू लागल्या. फाटक बंद. गजांच्या आड टिपणीस हार घेऊन उभे, मागे पाच तज्ज्ञ, सगळे हसतायत.

“उघडा,” मॅडम इंग्रजीत म्हणाल्या.

“वेलकम मॅडम! फक्त बावीस मिनिटं. आता सात अडतीस झालेत.”

“माझ्या घड्याळात आठ झालेत.”

“हेच तर मॅडम! हे मनगटाचं घड्याळ. आपण इथे सूर्याचं मानतो.”

ऊन चढायला लागलं. मॅडमच्या कपाळावर घाम आला. आत शंखवाला गाल फुगवून तयार, त्याला श्वास सोडता येईना. शिवकुमार सावलीकडे असा बघत होता की जणू नजरेने ढकलतोय. पाच मिनिटं गेली. टिपणीस गजांतून सांगत होते, मॅडम, ही आपल्या पूर्वजांची पद्धत. कुलूप मात्र अलिगढचं होतं.

“ये क्या तमाशा है?” मॅडमनी शेवटी रांगेतल्या पहिल्या पोराला विचारलं. ते पोर रडायला लागलं. मग दुसऱ्या नंबरची मथुरा पुढे झाली आणि शाळेतल्या हिंदीत म्हणाली, “मॅडम, ते घड्याळ दिल्लीचं आहे. इथं सकाळी मागं पडतं. तुम्ही बावीस मिनिटं थांबणार.”

“बावीस!”

“खाली चाळीस अंक ठेवले तर आत्ता उघडेल.”

मॅडमना अंक म्हणजे काय, खाली म्हणजे कशाखाली, काहीएक कळलं नव्हतं. पण ‘आत्ता’ कळलं. “मग ठेव!”

मथुरेने एकदा माझ्याकडे बघितलं, आणि काडीसारखी ती पोरगी गजांच्या मधून आत सरकली. टिपणीस “अगं, अगं” म्हणत हारासकट वळले. तोवर ती व्हरांड्यातून गठ्ठा छातीशी धरून कट्ट्यापाशी पोचली होती. तिने दक्षिणेची कड उचलली, चाळीस अंक खाली सरकवले, आणि सावली चालत नव्हे, उडी मारून खडूच्या खुणेपलीकडे गेली.

“एंटाय्तु!” शिवकुमार बोंबलला, आठ वाजले म्हणून. त्याने वर्षभरात पहिल्यांदा काहीतरी वेळेवर केलं होतं. शंखवाल्याचा कोंडलेला श्वास सुटला, समोरच्या हॉटेलातल्या बशा हलल्या, फाटक उघडलं. माझ्या हातातल्या घड्याळात आठ वाजून आठ मिनिटं. सावलीतही तेवढीच.

मॅडम हाराखालून तशाच पुढे गेल्या. “मला उन्हात कुणी उभं केलं?”

“टेक्निकली मॅडम,” टिपणीस म्हणाले, “सूर्याने.”



तुम्हाला वाटेल, मॅडमनी आता मथुरेची वही मागवली असेल, रकाने तपासले असतील, पोरीच्या पाठीवरून हात फिरवला असेल. छे हो. वही खणातच राहिली. अक्षांश, कोन, सकाळ-दुपार, कशाशी त्यांना कर्तव्य नव्हतं. तीन समित्यांचं जेवण वाया गेलं त्याचंही नाही. त्यांचा अपमान झाला होता, आठ मिनिटांचा, आणि तो फेडायचा होता. “पुण्याला कोण जाणार?”

“मॅडम, एक ज्वालामुखी...”

“ही मुलगी जाईल. आणि तुम्ही, डॉक्टर, इथेच राहाल. वेळ शिका.”

मथुरेला जागा मिळाली ती अशी. खरं मोजलं म्हणून नाही, एका बाईचा पारा चढला म्हणून. यल्लव्वाला हे सांगितलं तर म्हणाली, “कशानं का असंना, खोटं लिहावं लागलं नाही न्हवं? मग झालं.” आणि पोरीच्या वाटेसाठी दहा रोट्ट्या जास्त थापायला घेतल्या.

पण महाजाल ते महाजाल. जाताना मॅडमनी शिवकुमारकडून त्या टेकूचा कोन मोजून घेतला. बारा दिवसांनी पुण्यात मेळावा भरला तेव्हा व्यासपीठावर लाल कापडाखाली लाकडी पाचरींची रास. शिसवी, पॉलिश केलेल्या, प्रत्येकीवर महाजालाचा शिक्का. ‘राष्ट्रीय कोन-सुधार साधन.’ साडेपंधरा अंश, काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत, तंतोतंत एकसारख्या. आपापल्या केंद्राचं यंत्र घेऊन आलेल्या प्रत्येक पोराला एकेक दिली आणि आज्ञा केली, यंत्राखाली लावा. सगळ्या देशात एका दिल्लीच्याच पोराचं घड्याळ तेवढं आजवर बरोबर चालत होतं. त्या दिवशी तेही बिघडवलं. टाळ्या वाजल्या, समई लावली. मासिकाच्या एकेचाळिसाव्या अंकात फोटो आहे.

मथुरा परत आली ती थेट दुकानात. पाचर तिने माझ्या गल्ल्यावर ठेवली. “ही तुम्हाला. मला नको.”

“मग तू यंत्राखाली काय लावलंस?”

“मी आपले अंक नेले होते पिशवीतनं. पुणं साडेअठरावर हाय. चाळीसातले चौदा काढले, सव्वीस ठेवले. आन् पुणं नकाशावर डावीकडं सरकलंय, म्हणून तक्त्यात पंधरा मिनिटं वाढवली. बरोबर आलं.”

“कुणी बघितलं?”

“दिल्लीच्या पोरानं. त्यानं बी पाचर काढली, गुपचूप.”

पाचर मी दुकानाच्या दाराखाली लावून बघितली. उत्तम बसली. तेव्हापासून दार वाऱ्याने आपटत नाही. महाजालाने देशाला दिलेल्या गोष्टींपैकी चालणारी ही एक मला ठाऊक आहे.

“आणि गुरू?” मी विचारलं. “बघितलास?”

तिने डोळे बारीक केले, जणू अजून भिंगालाच लावलेत. “बघितला. केवढा गोल, अज्जा! पट्ट्यापट्ट्यांचा. आन् तीन चंद्र, एका रेघेत.”

“चार ना?”

“चौथा त्याच्या मागं गेला होता. तिथले सर म्हणाले, वहीत चार लिहा, माहितीपत्रकात चार हायत. सगळ्यांनी चार लिहिले.”

“आणि तू?”

“दिसले तेवढे.”

“मग काय म्हणाले?”

“अक्षराला पंधरापैकी पंधरा दिले,” मथुरा म्हणाली. “मोजण्याला शून्य.”